पहिलंच मूल वयात येतंय? ठाण्यातल्या आईबाबांसाठी पायरीपायरीने

मूल चौथी-पाचवीत असताना हे वाचायला घेतलं असेल, तर वेळेवर आलात. सातवीत असेल तरी बिघडलं नाही. फक्त काही गोष्टी तुमच्याआधी मित्रमैत्रिणींनी सांगून झालेल्या असतील आणि त्यातल्या निम्म्या चुकीच्या असतील. जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ हे किशोरवय धरते. मी इथे मुख्यतः त्यातल्या पहिल्या पाच-सहा वर्षांबद्दल लिहितेय. शाळेत विज्ञान शिकवताना आणि पुढे पालकांच्या बैठका घेताना सगळ्यात जास्त गोंधळ याच वर्षांत दिसला.

गोंधळाचं मूळ एकच आहे. या काळात एकाच मुलात तीन वयं नांदत असतात: अंगाचं एक, भावनांचं दुसरं आणि सारासार विचाराचं तिसरं. अंग पुढे पळतं, भावना त्याच्या पाठोपाठ उसळतात आणि विचार मात्र विशीच्या मध्यापर्यंत रमतगमत पिकत राहतो. आपण बघतो फक्त अंगाकडे. मग तोंडून निघतं, "एवढा घोडा झालास, अक्कल कधी येणार?" अक्कल तिच्या वेळेला येणार आहे. उशीर झालेला नाही, घोडाच लवकर झालाय.

पायरी १: मोजायला लागा

दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने रेघ मारा आणि शेजारी तारीख घाला. भाड्याचं घर असेल तर कपाटाच्या दाराला आतून. दर तीन महिन्यांनी पुन्हा. सकाळी मोजा, कारण रात्रीपर्यंत माणूस सेंटिमीटरभर कमी भरतो. टाचा भिंतीला, नजर समोर, डोक्यावर जाड पुठ्ठ्याचं पुस्तक आडवं. वजनही नोंदवा, पण ते मोठ्याने वाचून दाखवू नका.

वयात येण्याआधी मूल वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटिमीटर वाढतं. मग मेंदूतला हायपोथॅलॅमस जागा होतो, तो पिट्युटरी ग्रंथीला हुकूम देतो, ती पुढे बीजांडकोशांना किंवा वृषणांना कामाला लावते आणि रेघांमधलं अंतर वाढायला लागतं. मुलींचा वेग साधारण ११-१२ व्या वर्षी सगळ्यात जास्त, वर्षाला ८-९ सेंटिमीटरपर्यंत. मुलग्यांचा १३-१४ व्या वर्षी, ९-१० सेंटिमीटरपर्यंत. म्हणून तर सहावी-सातवीच्या वर्गफोटोत मुली मागच्या रांगेत आणि मुलगे पुढे मांडी घालून बसलेले. स्नेहसंमेलनात जोड्या लावताना बाईंची तारांबळ उडते ती यामुळेच.

क्रम लक्षात ठेवला तर अर्धी धास्ती जाते. मुलींमध्ये पहिली खूण म्हणजे स्तनाग्राखाली लागणारी लहानशी गाठ. बरेचदा एकाच बाजूला, जरा दुखरी. ती ८ ते १३ वर्षांत केव्हाही येते. "एकाच बाजूला गाठ आहे हो" असं म्हणत घाबरलेली आई दरवर्षी कुणी ना कुणी भेटते. दुसरी बाजू काही महिन्यांत येते. त्यानंतर केस, उंचीची झेप, आणि पहिली पाळी साधारण दोन ते अडीच वर्षांनी. पाळी आली की उंची थांबते असं म्हणतात, ते अगदी खरं नाही. पण झेप तोवर बहुतेक संपलेली असते आणि पुढे सहसा ५-७ सेंटिमीटर उरतात.

मुलग्यांमध्ये पहिली खूण म्हणजे वृषणांचा आकार वाढणं, ९ ते १४ वर्षांत. ती आईबापांना दिसत नाही. आपल्याला कळतं ते मिसरूड फुटल्यावर आणि आवाज फुटल्यावर, म्हणजे गाडी बरीच पुढे गेल्यावर. मुलग्याशी बोलायला आपण नेहमी उशीर करतो, त्याचं हे एक कारण. दुसरं पुढे सांगते.

बालरोगतज्ज्ञांकडे कधी जायचं? मुलीत ८ वर्षांच्या आत किंवा मुलग्यात ९ वर्षांच्या आत खुणा दिसल्या तर. मुलीत १३ पर्यंत आणि मुलग्यात १४ पर्यंत काहीच सुरू झालं नाही तर. पाळी १५ पर्यंत आली नाही तर. बाकी शेजारच्या विंगेतली मुलगी आधी मोठी दिसायला लागली म्हणून कुणाकडे धावू नका. बऱ्याचदा उत्तर घरातच असतं. आईला पाळी कधी आली होती, बाबांची उंची कितवीत वाढली, ते आजीला विचारा.

आणि पाय. जूनमध्ये गोखले रोडवरून आणलेले शाळेचे बूट दिवाळीच्या आत चावायला लागले, तर दुकानदाराशी भांडू नका. आधी तळपाय आणि पंजे वाढतात, मग तंगड्या आणि हात, धड सगळ्यात शेवटी. जेवताना तांब्याला धक्का लागणं, दाराच्या कडेला खांदा आपटणं हे धांदरटपणाचं लक्षण नाही. हात कालच्यापेक्षा लांब झालाय आणि मेंदूचा अंदाज अजून जुन्याच मापाचा आहे. बापाची चप्पल मुलाला बसायला लागली की त्याच्याशी मित्रासारखं वागावं, असं जुनी माणसं सांगत. हेतू चांगला, पण चप्पल तेराव्या वर्षीही बसते. 'मित्रवदाचरेत्'साठी सुभाषितात सोळावं वर्ष धरलंय, ते बरंच बरं.

पायरी २: गोष्ट घडायच्या आधी बोला

समोरासमोर बसवून, दार लावून, घसा खाकरून बोलू नका. तसं केलं की मूल समजतं, काहीतरी भयंकर झालंय. शेजारी शेजारी असताना बोला: स्कूटरवर मागे बसलेलं असताना, तलावपाळीला चक्कर मारताना, मटार सोलताना. नजरेला नजर नसली की दोघांनाही सोपं जातं. एकदाच तासभर बोलण्यापेक्षा पाच-पाच मिनिटं वरचेवर बोला.

मुलीला पाळीबद्दल पहिल्या पाळीच्या आधी कळलंच पाहिजे. गाठ दिसली की वर्षभरात हे उरकायचं असं धरा. वाक्यं साधी ठेवा: "दर महिन्याला गर्भाशयाचं आतलं अस्तर तयार होतं. बाळ राहणार नसेल तर ते रक्ताबरोबर बाहेर पडतं. दुखापत नाही, आजार नाही, घाण तर नाहीच." मग दप्तराच्या आतल्या कप्प्यात एक लहान पाऊच ठेवा. त्यात दोन पॅड, एक चड्डी आणि वर्तमानपत्राचा कागद. घरी एकदा पॅड चड्डीवर लावून दाखवा. चिकट बाजू कुठली हे सांगितलं नाही, तर ती कुठली हे पहिल्या दिवशी शाळेच्या बाथरूममध्ये शोधावं लागतं. चार ते सहा तासांनी पॅड बदलायचं, वापरलेलं कागदात गुंडाळून वेगळं टाकायचं, कमोडमध्ये नाही.

पहिली एक-दोन वर्षं पाळी अनियमित असते. २१ ते ४५ दिवसांमधलं कुठलंही अंतर या वयात चालतं. सात दिवसांपेक्षा जास्त चालली, दर तास-दोन तासांनी पॅड भिजत असेल, किंवा सुरू होऊन तीन महिने गायब झाली, तर डॉक्टरांना दाखवा. पोटात इतकं दुखतं की शाळा बुडते, यालाही "बाईच्या जातीला हे चालायचंच" हे उत्तर नाही. औषध आहे. आणि घरात अजून बाजूला बसवायची पद्धत असेल तर ती मुलीच्या पहिल्या पाळीच्या आधी मोठ्यांनी आपसात बोलून मिटवा. त्या दिवशी तिच्यासमोर भांडण नको.

आता मुलगे. मुलीशी बोलायला आई, मावशी, शाळेतल्या बाई, पॅडच्या कंपनीची माणसं असे सगळे हजर असतात. मुलग्याच्या वाट्याला बहुतेक वेळा कुणीच येत नाही. बाबांना वाटतं, "आम्हाला कुणी सांगितलं होतं? शिकेल आपला आपण." तो शिकतो, पण कुठून? लोकलच्या डब्यात डोक्यावर चिकटवलेल्या त्या 'गुप्तरोग, कमजोरी, धातू जाणे' छापाच्या पत्रकांवरून, आणि फोनवरून. त्या पत्रकांचा धंदाच या भीतीवर चालतो. म्हणून बाबांनी, नाहीतर काकांनी किंवा मामांनी, त्याला एवढं तरी सांगावं: झोपेत वीर्य बाहेर पडणं नेहमीचं आहे, त्याने अशक्तपणा येत नाही. चादर खराब झाली तर धुवायला टाक, कुणी काही विचारणार नाही (आणि खरंच विचारू नका). हस्तमैथुनाने आंधळेपणा येत नाही, उंची खुंटत नाही, पुढे मूल होण्यात अडचण येत नाही. ती खासगी गोष्ट आहे, एवढा एकच नियम. लिंग ताठ होण्यावर या वयात ताबा नसतो, वर्गात फळ्याजवळ बोलावल्यावरसुद्धा होऊ शकतं.

अजून एक, जे मुलगे कुणालाच सांगत नाहीत. ऐन वयात येताना बऱ्याच मुलग्यांची छाती थोडी फुगते, स्तनाग्राखाली गाठ लागते. जो मुलगा कालपर्यंत मे महिन्यात बनियन काढून घरभर फिरायचा, तो अचानक पोहायला जायला नकार देतो, दोन-दोन शर्ट घालतो, खांदे पाडून चालतो. हार्मोनांच्या तात्पुरत्या असमतोलाने हे होतं आणि सहसा सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप जातं. फार वाढलं, दुखत राहिलं किंवा गेलंच नाही तर डॉक्टर आहेत. त्याला हे एकदा शांतपणे सांगितलं की खांदे सरळ होतात. चेष्टा केली तर पोहणं कायमचं सुटतं.

दोघांनाही सांगायची गोष्ट म्हणजे गर्दीतला नकोसा स्पर्श. ठाणे स्टेशनचा पूल किंवा संध्याकाळची टीएमटी ज्यांना माहीत आहे, त्यांना वेगळं समजवायला नको. "तुझी चूक नाही, ओरड, बाजूला हो, घरी येऊन सांग" हे मुलग्यालाही सांगा. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा २०१२ चा, १८ वर्षांखालच्या मुलगा-मुलगी सगळ्यांना तो सारखाच लागू आहे. नकोसं वागणारी व्यक्ती ओळखीतली, नात्यातलीही असू शकते, हे वाक्य जड जातं. तरी गाळू नका.

पायरी ३: ताट

इथे फार बोलायची गरज नाही, मराठी घरात जेवण बरं असतं. दोनच गोष्टी बघा, लोह आणि हाडं.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्त कमी आढळलं, मुलग्यांमध्ये ३१ टक्के. म्हणजे "आळशी झालीये, सारखी लोळते" असं जिच्याबद्दल म्हणताय, तिचं हिमोग्लोबिन आधी बघा. मुलीत १२ च्या खाली असेल तर ते कमीच. सरकारी आणि अनुदानित शाळांत सहावीपासून आठवड्याला एक लोहाची निळी गोळी देतात. मुलं ती खिडकीतून फेकतात, कारण रिकाम्या पोटी घेतली की मळमळतं. डबा खाल्ल्यावर घ्यायला सांगा. सकाळच्या पोळीभाजीबरोबर चहा देणं बंद करा, चहाने अन्नातलं लोह अंगी लागत नाही. त्याऐवजी वर लिंबू पिळा. अळीव, नाचणी, मेथी, काळे वाटाणे, खाणाऱ्यांच्या घरी अंडी आणि सुके बोंबील, सगळं आपल्याच बाजारात मिळतं.

हाडांचा साठा बहुतेक याच वयात भरतो, विशीनंतर त्यात फारशी भर पडत नाही. त्यासाठी दूध-दही-नाचणी, ऊन आणि उड्या. विसाव्या मजल्यावरून लिफ्टने पार्किंगमध्ये, तिथून बसमध्ये, तिथून वर्गात, असा दिवस गेला तर ऊन लागणार कुठून? संध्याकाळी खाली खेळायला पाठवा, क्लास थोडा उशिरा लावा.

मिसळ-वडापाव बंद करू नका, या वयात भूक खरीच असते. वजनावरून घरात टोमणे मात्र पूर्ण बंद. मुलींमध्ये या काळात मांड्या-नितंबांवर चरबी साठणं हा वाढीचाच भाग आहे. जिममधल्या दादाने सांगितलेली प्रोटीन पावडर पंधराव्या वर्षी लागत नाही.

दहाव्या आणि सोळाव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची टीडी लस राहिली नाही ना, ते लसीकरणाच्या कार्डावर बघा. मुलीसाठी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या लसीबद्दल ९ ते १४ या वयातच डॉक्टरांना विचारा.

पायरी ४: झोपेचा हिशेब मांडा

वयात येताना झोपेचं संप्रेरक, मेलाटोनिन, रात्री उशिरा स्रवायला लागतं. आधी नऊला पेंगणारं मूल अकरापर्यंत टक्क जागं राहतं. हे नाटक नव्हे. त्यात १३ ते १८ वयात ८ ते १० तास झोप लागते. आता हिशेब करा. शाळा सकाळच्या सत्रातली, घर कासारवडवलीला, शाळा नौपाड्यात. घोडबंदरच्या ट्रॅफिकमुळे बस पहाटेच येणार, म्हणजे साडेपाचला उठायचं. मग साडेनऊला झोपायला हवं. आणि क्लास सुटतो नऊला.

हिशेब जुळत नाही, कुणाचाच जुळत नाही. पण काही हातात आहे. क्लास घराजवळचा बघा, 'नावाजलेला' नसला तरी. रात्री फोन चार्जिंगला हॉलमध्ये, सगळ्यांचे, बाबांचाही. सकाळी उठल्याबरोबर बाल्कनीत दहा मिनिटं उजेडात. दुपारी अर्धा तास डुलकी चालेल, तीन तास नाही. रविवारी नेहमीपेक्षा एक-दोन तास जास्त झोपू द्या. दुपारी एकपर्यंत झोपलं की सोमवारी पुन्हा तेच रडगाणं. दहावीच्या वर्षात झोप कापून अभ्यास वाढत नाही, दिवसा वाचलेलं पक्कं होण्याचं काम झोपेतच चालतं.

पायरी ५: वाद घालू द्या, आणि मित्र कोण ते विचारा

अकराव्या-बाराव्या वर्षाच्या सुमाराला मूल 'असं असतं तर?' हा विचार करायला लागतं, असं पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने मांडलं. तोवर डोळ्यांसमोरच्या वस्तूंवर चालणारं डोकं आता न्याय, खरेपणा, शक्यता यांवर चालतं. बीजगणित याच सुमाराला सुरू होतं, ते उगाच नाही. घरात याची पहिली झळ आपल्याला बसते. "मला जेवताना फोन नको म्हणता, मग बाबा काय करतायत?" याला उद्धटपणा म्हणून निकालात काढू नका. आपल्या बोलण्यातली आणि वागण्यातली फट त्याला पहिल्यांदाच दिसली आहे. सूर चुकला असेल तर सुराबद्दल बोला, मुद्दा बरोबर असेल तर तो मान्य करा. नियम थोडे ठेवा आणि प्रत्येकाचं कारण सांगा. कारण सांगता येत नसेल तर तो नियम बहुधा तुमच्या सोयीचा आहे.

म्हणजे विचार करता येतो. मग हेच मूल असे वेडे धोके का पत्करतं? कारण मेंदू एकदम तयार होत नाही. मेंदूतल्या पेशींमधल्या न वापरलेल्या जोडण्या छाटल्या जातात, वापरातल्यांवर मायलिन या चरबीसारख्या पदार्थाचं आवरण चढतं, आणि हे काम कपाळामागच्या भागात सगळ्यात शेवटी, विशीच्या मध्यापर्यंत चालतं. थांबणं, परिणाम तोलणं, मोह आवरणं ही त्याच भागाची कामं. उलट बक्षिसाची, थराराची ओढ असणारे आतले भाग वयात येतानाच जोरात असतात. शांत दुपारी घरी विचारलंत तर चौदा वर्षांचा मुलगा तुम्हाला हेल्मेटवर निबंध सांगेल. चार मित्र भोवती असले की तोच ट्रिपल सीट जाईल.

'मित्र भोवती' हा इथला कळीचा शब्द. २००५ मध्ये गार्डनर आणि स्टाइनबर्ग या अमेरिकी संशोधकांनी गाडी चालवायच्या संगणकीय खेळात हे तपासलं. मित्र बघत असताना खेळणाऱ्यांनी एकट्यापेक्षा जास्त धोके घेतले आणि हा फरक १३ ते १६ वयाच्या मुलांमध्ये मोठ्यांपेक्षा बराच ठळक होता. त्यामुळे "कुठे चाललास?" यापेक्षा "कोण कोण आहे?" हा प्रश्न जास्त कामाचा. पावसाळ्यात येऊरच्या ओढ्यात एकटा मुलगा सहसा उतरत नाही. दहीहंडीच्या थरांचंही तेच. ठाण्यात हंड्यांची चढाओढ केवढी असते हे सांगायला नको. १४ वर्षांखालच्या मुलांना थरात घ्यायचं नाही, असं राज्य सरकारने २०१७ मध्ये उच्च न्यायालयात सांगितलेलं आहे. पथकाच्या दादाला हे तुम्ही स्वतः जाऊन सांगा. मुलाला मित्रांसमोर 'नाही' म्हणायला लावू नका, त्याला ते जमणार नाही.

स्कूटरची चावी तर सरळ काढून ठेवा. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. "कोपऱ्यावरून दूध आण" हे कारण न्यायालयात चालत नाही.

एक सोय आधीच करून ठेवा: सुटकेचं वाक्य. मुलाने घरी फोन करून "आजीच्या गोळ्या संपल्या का?" विचारलं, की तुम्ही मोठ्याने ओरडायचं, "लगेच घरी ये, आत्ताच्या आत्ता!" मित्रांसमोर त्याची लाज राहते, वाईट आईबाप तुम्ही ठरता. घरी आल्यावर त्या रात्री चौकशी नाही. हा करार मोडलात तर पुढच्या वेळी फोन येणार नाही.

पायरी ६: वन-बीएचकेमध्ये खासगी कोपरा

कपाळावर एक मुरूम उठला म्हणून बारा वर्षांची मुलगी शाळेत जायला तयार नाही. "कोण बघतंय तुझ्याकडे?" आपण म्हणतो. तिच्या मते सगळी शाळा बघतेय. एल्काइंड या मानसशास्त्रज्ञाने १९६७ मध्ये याला काल्पनिक प्रेक्षक असं नाव दिलं. दुसऱ्याच्या मनात काय चाललंय याचा विचार करायची ताकद नवीन आलेली असते आणि मूल धरून चालतं की सगळ्यांच्या मनात आपणच आहोत. याच कारणाने शाळेच्या गेटवर आईने हाक मारलेली नको असते, कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकलेला नको असतो. विचारून टाका. पाहुण्यांसमोर "बघा, मिसरूड फुटलं" हे आत्यालाही सांगून थांबवा.

स्वतंत्र खोली ठाण्यात किती जणांना परवडते? पण खासगीपणाला खोलीच लागते असं नाही. कपाटातला एक कप्पा, त्याला किल्ली, आणि ती किल्ली मुलाकडेच. बाथरूममध्ये पंधरा मिनिटं, दार न वाजवता. झोपायच्या जागेला पडदा. आजीची आणि मुलीची एकच खोली असेल तर आजीला विश्वासात घेऊन संध्याकाळचा एक तास खोली मुलीची करा. आजीला तेवढ्यात खाली कट्ट्यावर बसता येतं. तिचीही बहुधा तक्रार नसते. फोन तपासायचा असेल तर आधी सांगून, तिच्यासमोर. चोरून वाचलेली वही एकदा उघडकीला आली की पुढची वही तुम्हाला कधीच दिसणार नाही.

मनाचा पारा दिवसात चारदा वर-खाली होणार. कारण विचारून सापडत नाही, कारण त्यालाही ठाऊक नसतं. अशा वेळी खायला द्या आणि बाजूला व्हा. तासाभराने तेच मूल स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकून बोलायला लागतं, तेव्हा मोबाईल खाली ठेवा. उपाय सांगू नका, "मग?" एवढंच म्हणा. 'कोणीतरी आवडतंय' हे कळलं तर हसू नका, चौकशी समितीही बसवू नका. आणि हेही खरं की सगळ्याच घरांत वादळं येत नाहीत. बरीच मुलं हा काळ फारशी आदळआपट न करता पार करतात. तुमचं त्यातलं असेल तर "काही लपवत तर नसेल ना?" म्हणून उकरत बसू नका.

पायरी ७: मदत कुठे आणि कधी

नेहमीची चिडचिड आणि आजार यांतला फरक दिवसांवर आणि कामांवर ओळखायचा. दोन आठवड्यांच्या वर सतत उदास किंवा चिडलेलं, आवडता खेळ-छंद सोडला, मित्र तोडले, झोप आणि भूक बिघडली, मार्क एकदम घसरले, मनगटावर किंवा मांडीवर ओरखडे दिसले, "मी नसलो तर बरं" असं बोललं, तर थांबू नका. "जीव द्यावासा वाटतो का?" असं सरळ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट विचारणारं कुणीतरी आहे हे कळतं.

इथे आपल्या गावाची एक खास अडचण आहे. "याला ठाण्याला पाठवायला पाहिजे" हा विनोद अख्ख्या महाराष्ट्रात चालतो आणि आपली मुलं तो ऐकतच मोठी होतात. १९०१ सालापासून इथे असलेल्या मनोरुग्णालयाचं नाव त्यामुळे चेष्टेत गेलं. प्रत्यक्षात तिथे बाह्यरुग्ण विभाग आहे, दाखवून, औषध घेऊन माणसं घरी जातात. घरात हा विनोद बंद केलात तर मदत मागणं मुलाला थोडं सोपं जाईल. शहरात १९९० पासून डॉ. आनंद नाडकर्णींनी सुरू केलेली आयपीएच ही संस्था मानसिक आरोग्याचं काम करते, तिथेही समुपदेशन मिळतं. सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी 'मैत्री क्लिनिक' असतं. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ चा, त्याखाली ही केंद्रं चालतात. पाळी, मुरुमं, मनाची घालमेल सगळ्याला चालतं. नवी मुंबईतल्यांनी आपल्या महापालिका रुग्णालयात चौकशी करावी.

फोन नंबर फ्रिजवर लावून ठेवा, मुलाला दिसतील असे: टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन १४४१६, मोफत, मराठीत बोलता येतं. अडचणीतल्या मुलांसाठीची चाइल्डलाइन १०९८, मुलाला स्वतःला लावता येतो.

डॉक्टरांकडे गेल्यावर सुरुवातीची माहिती तुम्ही द्या आणि मग काही वेळ बाहेर बसा. मुलाला एकट्याने बोलायचं असतं, आणि दहा वर्षांच्यालासुद्धा असं काही असतं जे आईसमोर सांगता येत नाही. बाहेर आल्यावर "काय विचारलं?" विचारू नका. जिवाला धोका असेल तर डॉक्टर तुम्हाला सांगतातच. भेट चाचणी परीक्षेच्या आठवड्यात ठेवू नका, आणि घरी परतताना आत्याला फोन करून सगळं सांगू नका, रिक्षात मागे मूल बसलेलं असतं.